जड जिभेचा माणूस
(पाठासाठीं वाचावें : निर्गम, अध्याय ३ व ४; तसेंच अध्याय ६, वचनें १० ते १३ व २८ ते ३०)



गेल्या महिन्यांत एका खेड्यांतील उपदेशक बंधूंचें पत्र आमच्या हातीं आलें. ते लिहितात कीं, आमच्या मंडळींत पाळकसाहेब महिन्यांतून एकदां येतात. बाकीच्या रविवारीं वचन सांगण्याचें काम मजकडे आहे. घरोघर जाऊन चार माणसांशीं बोलणें मला जड वाटत नाहीं. आजाऱ्याच्या खाटेजवळ बसून प्रार्थना करितांना शब्द आपोआप सुचतात. परंतु रविवारीं पुस्तक उघडून उभा राहिलों कीं पाय लटपटतात, घशास कोरड पडते, आणि रात्रीं जागून जें जुळविलेलें असतें तें सर्व डोक्यांतून निघून जातें. मागच्या रविवारीं मी पांच मिनिटांत खालीं बसलों. मागच्या बाजूस बसलेलीं मुलें हंसलीं. माझें कुटुंब मान खालीं घालून बसलें होतें. तरी हें काम दुसऱ्या कोणास द्यावें, असें आपण माझ्या वतीनें पाळकसाहेबांस लिहावें. मला स्वतः लिहिण्याचा संकोच वाटतो.

हें पत्र वाचून आम्हांस आमचाच एक रविवार आठवला. फार वर्षांपूर्वीं एका लहान मंडळींत आम्हांस प्रथम उभें करण्यांत आलें. उपदेश चार पानें लिहून काढिला होता, आणि तो आम्ही मान वर न करितां वाचूं लागलों. दुसरें पान संपलें तों तिसरें सांपडेना. हात कांपत असल्यामुळें तो कागद केव्हांच निसटून पुढच्या लोकांत जाऊन पडला होता. एका वृद्ध आजीबाईंनीं तो उचलून दिला, आणि सर्वांस ऐकूं जाईल अशा आवाजांत त्या म्हणाल्या, “बाळा, वाचूं नकोस, सांग.” त्या दिवशीं आम्हांस कांहींच सांगतां आलें नाहीं. आमच्या चार पानांतलें एक अक्षरही आज आम्हांस आठवत नाहीं. आजीबाईंचे शब्द मात्र आठवतात.

तेव्हां या पत्राचें उत्तर आम्ही एकट्या त्या बंधूंस न देतां येथें सर्वांसमक्ष देत आहों. असें पत्र लिहिण्याचें ज्यांच्या मनांत आहे, पण ज्यांनीं तें लिहिलें नाहीं, असे पुष्कळ आहेत हें आम्ही जाणतों.

प्रथम मोशेकडे पाहूं. तिसऱ्या अध्यायाच्या आरंभीं तो सासऱ्याचीं मेंढरें घेऊन होरेब डोंगराजवळ आला आहे. सातव्या अध्यायाच्या सातव्या वचनावरून कळतें कीं, फारोशीं बोलावयास गेला तेव्हां त्याचें वय ऐंशी वर्षांचें होतें. प्रेषितांच्या कृत्यांत स्तेफन सांगतो कीं, त्याच्या रानांतील वास्तव्यास चाळीस वर्षें झालीं होतीं. चाळीस वर्षें ज्याचें बोलणें बहुतेक मेंढरांशीं, त्यास एकाएकीं राजदरबारांत जाऊन बोल, असें सांगण्यांत आलें! तो घाबरला यांत नवल तें काय?

तो एकामागून एक अडचणी पुढें करितो. जाणारा मी कोण? लोकांनीं तुझें नांव विचारिलें तर काय सांगूं? त्यांनीं माझा विश्वास धरिला नाहीं तर? मग चौथ्या अध्यायाच्या दहाव्या वचनांत खरी गोष्ट बाहेर येते : आपणांस बोलतां येत नाहीं, आपली जीभ जड आहे. शेवटीं तेराव्या वचनांत तर सबबही उरत नाहीं. दुसऱ्या कोणास पाठीव, एवढेंच तो म्हणतो. आमच्या पत्र लिहिणाऱ्या बंधूंनीं हीच विनंती केली आहे. मोशेनें ती देवाकडे केली, यांनीं आमच्याकडे केली, इतकाच फरक.

आतां उत्तरांकडे लक्ष द्यावें. पहिल्या चार अडचणींवर देव रागावत नाहीं. भीति वाटली म्हणून तो मोशेस दोष देत नाहीं. तो रागावतो तो पांचव्या वेळीं, जेव्हां मोशे भीति सांगत नसून काम नाकारीत आहे तेव्हां. हा भेद आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो. कारण उभें राहतांना ज्याचे पाय कांपतात त्याचा विश्वास कच्चा, असें बोलणारे लोक आपल्या मंडळ्यांत आहेत. आणि ते बहुतकरून असे असतात कीं ज्यांच्यावर कधीं उभें राहण्याची पाळी आलेली नाहीं. कांपत उभा राहणारा मनुष्य काम नाकारीत नाहीं. तो तें करीतच असतो.

दुसरी एक गोष्ट आम्हांस हा अध्याय पुष्कळदां वाचूनही दिसली नव्हती. सहाव्या व सातव्या वचनांत मोशे आपला हात छातीशीं घालून बाहेर काढितो तों तो कोडानें पांढरा झालेला असतो. पुन्हां घालून काढितो तों बरा. हें एका क्षणांत झालें. ज्यानें हात एका क्षणांत बरा केला त्यास जीभ मोकळी करणें कठीण होतें काय? तरी त्यानें ती मोकळी केली नाहीं. मुख कोणी दिलें असें विचारिलें, काय बोलावें तें शिकवीन असें वचन दिलें, आणि त्याच जड जिभेनिशीं त्यास वाटेस लाविलें. आपण प्रार्थना करितों ती बहुधा अशी असते कीं, आधीं माझी भीति काढ, मग मी उभा राहतों. या अध्यायांतील क्रम तसा नाहीं.

मग अहरोन आला. तो चांगलें बोलणारा होता. पहिल्या दिवशीं वडील मंडळीपुढें सर्व बोलणें त्यानेंच केलें. ही मदत देण्यांत देवाची दया होती यांत संशय नाहीं. आणि ज्यास एकट्यानें उभें राहणें जमत नाहीं त्यानें सोबती घेण्यांत कमीपणा मानूं नये. परंतु अहरोनाचें पुढें काय झालें तें बत्तिसाव्या अध्यायांत वाचावें. मोशे डोंगरावर असतां लोकांनीं गलका केला, आणि या बोलक्या माणसानें त्यांस सोन्याचें वासरूं करून दिलें. मोशेनें जाब विचारिला तेव्हां त्याचें उत्तर काय? आपण सोनें अग्नींत टाकिलें आणि त्यांतून हें वासरूं निघालें! जीभ सैल असली म्हणजे मनुष्य कोणत्याही प्रसंगांतून बोलून निघूं पाहतो. खेड्यांतील लोक पुष्कळ वेळां आडखळत बोलणाऱ्यावर विश्वास ठेवितात व घडाघडा बोलणाऱ्याकडे संशयानें पाहतात, यांत त्यांचें फारसें चुकत नाहीं. म्हणून, मला अमक्यासारखें बोलतां येत नाहीं, या दुःखानें कोणी झुरूं नये.

मोशेची भीति एका दिवसांत गेली असें नाहीं. पांचव्या अध्यायांत तो फारोपुढें गेला. परिणाम उलट झाला. लोकांस गवत मिळेनासें झालें आणि विटांची संख्या तितकीच राहिली. ज्यांच्यासाठीं तो बोलला त्यांनींच त्यास दोष दिला. मग सहाव्या अध्यायांत तो पुन्हां आपल्या जड ओठांचें गाऱ्हाणें सांगतो, तेंही दोन वेळां. पहिल्या प्रयत्नांत अपयश आलें कीं जुनी भीति दुप्पट होऊन परत येते, हा अनुभव आपणांपैकीं कोणास नाहीं? परंतु पुढें वाचावें. आठव्या अध्यायापासून फारोशीं बोलणारा पुष्कळ ठिकाणीं स्वतः मोशेच आहे. अहरोन बाजूस उभा आहे. मोशेची जीभ अमक्या दिवशीं सुटली असें एकही वचन नाहीं. तो जात राहिला, आणि जातां जातां बोलूं लागला. आणि अनुवाद हें पुस्तक उघडून पाहावें : आरंभापासून जवळजवळ शेवटापर्यंत तें एकाच मनुष्याचें लोकांपुढें केलेलें बोलणें आहे. ज्यानें होरेबाजवळ, मला बोलतां येत नाहीं, असें म्हटलें होतें, तोच हा मनुष्य.

पौलाविषयींही असेंच आहे, पण तें थोडक्यांत सांगतों. करिंथ येथें आपण अशक्त, भयभीत व कांपत असे होतों असें त्यानें तेथील मंडळीस स्वतःच लिहिलें आहे. आणि त्याचें बोलणें टाकाऊ आहे असें म्हणणारे लोकही तेथें होते. तरी तो त्या शहरांत दीड वर्ष राहिला. तंबू करण्याचा धंदा करून त्यानें तें काम चालविलें.

कोणी म्हणेल, हीं पवित्र शास्त्रांतील माणसें; आमचें काय? तर आमच्याच देशांतील, पुष्कळ जवळच्या काळांतील एक उदाहरण घेऊं. ज्यांच्या शब्दासरशीं पुढें हजारों लोक तुरुंगांत जावयास निघाले, त्या मोहनदास करमचंद गांधींनीं आपल्या तरुणपणच्या भित्रेपणाची हकीकत आत्मचरित्रांत मोकळेपणानें लिहिली आहे. बॅरिस्टरीच्या अभ्यासाकरितां ते १८८८ सालीं लंडनला गेले. तेथील शाकाहारी मंडळाच्या कार्यकारी समितीवर त्यांस घेण्यांत आलें, परंतु बैठकींत त्यांच्या तोंडून शब्द निघत नसे. एकदां एका वादाच्या प्रश्नावर आपलें मत त्यांनीं लिहून नेलें. तेंही त्यांस वाचतां आलें नाहीं, दुसऱ्याकडून वाचवून घ्यावें लागलें. व्हेंटनर या समुद्रकांठच्या गांवीं ते एका लहान सभेंत पानभर मजकूर घेऊन उभे राहिले, तों डोळ्यांपुढें अंधुक झालें व अंग कांपूं लागलें. तो कागद सोबतच्या मित्रानें वाचला. १८९१ सालीं स्वदेशीं निघण्यापूर्वीं त्यांनीं मित्रमंडळीस मेजवानी दिली. भाषणाच्या आरंभीं एक विनोदी गोष्ट सांगावी असें त्यांनीं योजिलें होतें. आणि ती गोष्ट होती सभेंत पहिल्या शब्दांपुढें जाऊं न शकलेल्या एका वक्त्याची! पहिलें वाक्य झालें आणि पुढचें सर्व ते विसरले. आभार मानून खालीं बसले.

मुंबईस आल्यावर स्मॉल कॉज कोर्टांत त्यांस पहिला खटला मिळाला. फी तीस रुपये. साक्षीदाराची उलटतपासणी घेण्यास उभे राहिले तों डोकें गरगरूं लागलें; एकही प्रश्न सुचेना. दुसरा वकील करा असें सांगून व फी परत करून ते कोर्टांतून निघाले, ते दक्षिण आफ्रिकेंत जाईपर्यंत पुन्हां कोर्टांत उभे राहिले नाहींत.

१८९३ सालीं ते दक्षिण आफ्रिकेस गेले. डरबनहून प्रिटोरियाकडे जातांना मॅरिट्झबर्गच्या स्टेशनावर त्यांस आगगाडीच्या पहिल्या वर्गांतून उतरविण्यांत आलें, आणि पुढें घोडागाडीच्या प्रवासांत मारही खावा लागला. प्रिटोरियास पोंचल्यावर थोड्याच दिवसांत त्यांनीं तेथील हिंदी लोकांस एका व्यापाऱ्याच्या घरीं जमविलें. बहुतेक मेमण व्यापारी होते, थोडे हिंदु. हें आपल्या आयुष्यांतील पहिलें जाहीर भाषण, असें गांधींनीं लिहिलें आहे. विषय होता व्यापारांतील खरेपणा. व्यापार आणि सत्य यांचें जमत नाहीं असें म्हणणाऱ्या व्यापाऱ्यांनाच त्यांनीं तो सांगितला. परक्या देशांत थोड्या लोकांच्या वागण्यावरून साऱ्या देशबांधवांची परीक्षा होते, स्वच्छतेकडे लक्ष दिलें पाहिजे, आपली गाऱ्हाणीं मांडण्यास एक मंडळ असावें, हेंही ते बोलले. ज्यास इंग्रजी शिकावयाचें असेल त्यास आपण शिकवूं, असें त्यांनीं सांगितलें. आणि तिघेजण शिकावयास तयार झाले : एक न्हावी, एक कारकून व एक लहान दुकानदार.

मनुष्य तोच, आणि मध्यें गेलेलीं वर्षें दोनच. मग फरक कशानें पडला? आम्हांस वाटतें तें असें. लंडनला ते उभे राहिले तेव्हां लोक आपणांस काय म्हणतील याकडे त्यांचें लक्ष होतें. मुंबईच्या कोर्टांतही परीक्षा त्यांचीच चालली होती. प्रिटोरियास मात्र समोर बसलेल्या लोकांची अडचण त्यांनीं स्वतःच्या अंगावर सोसली होती. त्या लोकांस कांहीं सांगणें अवश्य होतें, आणि तें सांगणारा दुसरा कोणी तेथें नव्हता. शिवाय विषयाची चांगली तयारी करून ते गेले होते, ही गोष्टही विसरूं नये.

तरी भीति कायमची गेली नाहीं. १८९६ सालीं ते आफ्रिकेंतील लोकांची स्थिति सांगण्यासाठीं मुंबईस आले. सर फिरोजशहा मेहता यांच्या सल्ल्यावरून भाषण आधीं लिहून छापून घेतलें होतें. सभागृह भरून गेलें होतें. गांधी वाचूं लागले, पण आवाज पोंचेना. मोठ्यानें वाचा, असें फिरोजशहा सांगत राहिले, तसतसा आवाज अधिकच खालीं जाऊं लागला. शेवटीं तो कागद दिनशा वाच्छा यांनीं वाचला आणि सभेनें टाळ्यांचा गजर केला. प्रिटोरियाच्या भाषणास तेव्हां तीन वर्षें झालीं होतीं! मोशेच्या सहाव्या अध्यायासारखाच हा प्रसंग आहे. पुढें तेच गांधी उघड्या मैदानांत सहस्रावधि लोकांपुढें, हळू आवाजांत, पण न डगमगतां बोलत असत. आपल्या लाजाळूपणानें आपणांस थोडक्यांत बोलावयास शिकविलें, असें त्यांनीं मागाहून लिहिलें.

आतां त्या बंधूंच्या पायांकडे व घशाकडे येऊं. यांत शरीराचाही भाग आहे, आणि तो समजून घेतला तर अर्धी लाज कमी होते. मनुष्य एकटा अनेकांच्या नजरेपुढें उभा राहिला कीं शरीर त्यास संकट समजतें. वाटेंत साप दिसला असतां जें होतें तेंच येथें होतें. मूत्रपिंडांच्या वर दोन लहान ग्रंथि आहेत. त्या ॲड्रेनॅलिन नांवाचें द्रव्य रक्तांत सोडतात. त्यानें हृदय धडधडूं लागतें, श्वास उथळ होतो, लाळ आटून तोंड कोरडें पडतें, आणि पळावयाच्या तयारींत असलेले हातपाय कांपतात. हें जुन्या वक्त्यांसही होतें. लोकांस तें बाहेरून फारसें दिसत नाहीं, इतकेंच. परंतु हा जोर सारखा राहत नाहीं. मनुष्य बोलत राहिला तर बहुधा पहिल्या कांहीं मिनिटांनंतर तो ओसरूं लागतो. बंधूंनो, आपण पांच मिनिटांत बसलां! नदीचें पाणी उतरूं लागलें त्याच वेळीं आपण मागें फिरलां, असें आम्हांस वाटतें.

मग तीं पहिलीं मिनिटें कशीं काढावींत? यास मोठी विद्या नको. पहिलें वाक्य तोंडपाठ असावें, इतकें कीं झोपेंतून उठविलें तरी म्हणतां यावें. त्यानंतर शास्त्रपाठ मोठ्यानें व सावकाश वाचावा. वाचतांना शब्द शोधावे लागत नाहींत, आणि तेवढ्यांत श्वास ताळ्यावर येतो. उभें राहण्यापूर्वीं मंडळीबरोबर गीत म्हणतांना स्वतः मोकळ्या गळ्यानें गावें. पुष्कळ उपदेशक त्या वेळीं मनांत टिपण घोळवीत तोंड मिटून उभे असतात, ही चूक आहे. गातांना श्वास लांब सुटतो, आणि श्वास सोडण्यास घेण्यापेक्षां अधिक वेळ लागला कीं हृदयाची धडधड मंदावते. जवळ पाण्याचा तांब्या असावा. दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभें राहावें. मध्येंच विसरलें तर क्षमा मागूं नये. पुस्तकांत पाहून तेंच वचन पुन्हां वाचावें. ऐकणाऱ्यांस वाटतें कीं महत्त्वाचें म्हणून पुन्हां वाचलें, आणि बहुधा तें महत्त्वाचें असतेंच.

शनिवारीं रात्रीं जागूं नये. जें सांगावयाचें तें गुरुवारपासून तोंडानें म्हणत जावें : शेताच्या वाटेवर, गोठ्यांत, विहिरीवर. मनांतल्या मनांत वाचून जिभेस संवय होत नाहीं. संबंध उपदेश लिहून काढण्यापेक्षां चिठ्ठीवर तीनचार शब्द पुरेत. आमच्या आजीबाईंनीं सांगितलेंच आहे. आणि सांगावयाची गोष्ट एकच असावी. पुष्कळ उपदेशक भीतीपोटींच पांच गोष्टी घेऊन जातात, कीं एक विसरली तर दुसरी असावी. मग पांचही एकमेकींत गुंततात.

मराठी बोलणाऱ्यांसाठीं एक विशेष सूचना आहे. आपल्या भाषेंत क्रियापद वाक्याच्या शेवटीं येतें, आणि ‘नाहीं’ हा शब्दही बहुधा तेथेंच येतो. घाबरलेल्या मनुष्याचा श्वास शेवटास संपतो आणि आवाज पडतो. मग मागच्या लोकांस काय ऐकूं येतें? “देव आपल्या लोकांस टाकून देतो...” आणि ‘असें होत नाहीं’ हे शब्द बोलणाऱ्याच्या घशांतच राहतात! असा उपदेश आम्हीं कानांनीं ऐकला आहे. यास्तव वाक्य लहान करावें, आणि शेवटचा शब्द शेवटच्या रांगेंतल्या म्हातारबांसाठीं आहे असें समजून म्हणावा.

याहून मोठी गोष्ट म्हणजे नजर. उभें राहिल्यावर मुलें हंसतात काय, कुटुंबास लाज वाटते काय, हें पाहूं नये. ज्या घरीं आपण आठवडाभर जाऊन आलां त्या घरचें माणूस समोर बसलेलें असतें. कोणाचें पीक गेलें आहे, कोणाची मुलगी माहेरीं परत आली आहे, कोणी सावकाराच्या धाकांत आहे. खाटेजवळ बसून आपणांस शब्द सुचतात, असें आपणच लिहितां. खाटेजवळ सुचतात, कारण तेथें आपलें लक्ष आजाऱ्याकडे असतें. रविवारीं त्याच माणसाकडे पाहून बोलावें. चाळीस लोकांशीं बोलणें कठीण असेल, तर त्या एकाशींच बोलावें. बाकीचे एकोणचाळीस ऐकतील. लोक दुसऱ्याशीं चाललेलें बोलणें किती लक्ष देऊन ऐकतात हें खेड्यांत राहणाऱ्यास सांगावयास नको.

हंसणाऱ्या मुलांविषयीं आमचें मत असें कीं, त्यांस रागें भरूं नये. त्यांतील जो सर्वांत मोठ्यानें हंसला त्यास पुढच्या रविवारचा शास्त्रपाठ वाचावयास द्यावा. तीन दिवस आधीं द्यावा, व त्याजकडून दोनदां म्हणवून घ्यावा. त्याचे पाय कांपलेले त्यासही कळतील, आणि आपणांस घरचाच एक अहरोन मिळेल. मुलींसही असें वाचन द्यावें. आपल्या पुष्कळ मंडळ्यांत शाळा शिकलेल्या मुली आहेत, ज्यांचा आवाज मंडळीनें गीताखेरीज कधीं ऐकलाच नाहीं.

आणि हें केवळ रविवारापुरतें नाहीं. एका गांवीं दफनभूमीकडे जाणारी वाट शेजारच्या शेतांत बुजत चालली होती. ग्रामसभेच्या दिवशीं आपले सात पुरुष तेथें हजर होते. प्रश्न सातांसही माहीत होता; कागदही जवळ होते. पण उभा कोण राहणार? एकमेकांकडे पाहतां पाहतां सभा संपली. पुढें पावसाळ्यांत एका घरीं मृत्यु झाला तेव्हां पेटी खांद्यावर घेऊन माणसें गुडघाभर चिखलांतून गेलीं. त्या सातांपैकीं एक गृहस्थ आम्हांस म्हणाले, “त्या दिवशीं दोन वाक्यें बोललों असतों तर.” ग्रामसभेंत बोलणें म्हणजे उपदेश नव्हे, तेथें खरोखर दोनच वाक्यें लागतात. वाट कोठें आहे व ती कशी बुजली, हें एक. ग्रामसभेनें ती मोजून मोकळी करून घ्यावी व हें आजच्या ठरावांत लिहावें, हें दुसरें. तीं दोन वाक्यें घरीं चार वेळां म्हणून जावें, आणि सोबत असा मनुष्य न्यावा कीं जो लागलीच उठून ‘माझेंही हेंच म्हणणें आहे’ एवढें म्हणेल. पुढच्या ग्रामसभेंत त्या गांवच्या एका विधवा भगिनी उठल्या. त्यांच्याच घरची ती पेटी होती. आवाज कांपत होता, असें ऐकणारे सांगतात. ठराव लिहिला गेला. वाट मात्र अजून मोजलेली नाहीं, आणि त्या दर सभेस विचारीत आहेत.

आतां त्या उपदेशक बंधूंस. आपलें पत्र आम्हीं पाळकसाहेबांकडे पाठविलेलें नाहीं. तें आमच्या मेजाच्या खणांत आहे, आणि तेथें तें सुरक्षित आहे. आपण आणखी तीन रविवार उभें राहावें. पहिल्या रविवारीं निर्गमाच्या चौथ्या अध्यायाचीं पहिलीं सतरा वचनें मोठ्यानें वाचावींत, आणि त्यांतील कोणतें उत्तर आपणांस स्वतःस लागू पडलें तें दहा मिनिटें सांगावें, बारा नकोत. बसावेंसें वाटलें तर घड्याळाकडे पाहून सहावें मिनिट जाऊं द्यावें. तिसऱ्या रविवारानंतर आम्हांस पुन्हां लिहावें. तेव्हांही आपलें म्हणणें हेंच राहिलें, तर तें पत्र त्याच दिवसाच्या टपालानें पुढें जाईल. वाचन त्या मुलास दिलें कीं नाहीं, तेंही लिहावें.